काय दुखतंय ते आधी सांगायचं

सोनईहून फोन आला तेव्हा सकाळचा वर्ग नुकताच सुटला होता. रूथ टीचर गेल्या, असं त्यांची भाची अनिता म्हणाली. महिनाभर हवापालटाला जाते, येताना वारुळाची माती आणते, असं सांगून टीचर तिच्याकडे गेल्या होत्या; तोवर वर्ग आम्हीच चालवत होतो. कशानं गेल्या, असं मी विचारलं. छातीत गाठ होती, दोन वर्षं झाली होती... एवढं सांगून तिनं फोन ठेवला. माझी बायको सुनंदा शेजारीच चटई गुंडाळत होती. तिला मी फक्त टीचर गेल्याचं सांगितलं. गाठीचं सांगायला संध्याकाळ झाली.

भिंगारच्या जुन्या बाजारामागे एका हॉलमध्ये टीचर योग शिकवायच्या. शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर हे सुरू झालं. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना ते रुचलं नव्हतं. श्वास सगळ्या धर्मांत सारखाच घेतात, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. सूर्यास्ताआधी जेवण, बाजरीची भाकरी, माठातलं पाणी, पोटावर मातीची पट्टी. जे सांगायच्या ते स्वतः करायच्या. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

वर्गाचा एकच नियम होता. आसनं सुरू होण्याआधी सगळ्यांनी अर्धगोलात बसायचं आणि काय दुखतंय ते ओळीनं सांगायचं. त्यावरून त्या दिवशीचा व्यायाम ठरायचा. कंबर, गुडघे, मूळव्याध, न आलेली झोप, सुनेशी झालेला वाद... सगळं तिथं निघायचं. पाथर्डीकडचे एक निवृत्त हवालदार होते. ते एकदा म्हणाले, "टीचर, आज कायबी दुखत न्हाई. पर मंडळी लई बोलली." टीचर शांतपणे म्हणाल्या, "मग शवासन. आणि घरी जाऊन त्यांनाही शिकवा, तुम्ही त्यांना दमवता." सर्वांत शेवटी टीचरांची पाळी यायची. त्या दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून म्हणायच्या, "मला काही नाही." मग वर्ग सुरू व्हायचा.

सुनंदाच्या छातीतली गाठ याच ओळीत कळली. मला तिनं सांगितलं नव्हतं, तिथं मात्र सांगितलं. टीचरांनी वर्ग थांबवला, तिला आत नेलं, बाहेर आल्यावर रिक्षा बोलवायला सांगितली. महिनाभर मातीची पट्टी लावून बघू का, असं सुनंदानं दारातच विचारलं. टीचर म्हणाल्या, "माती पोटाला लावतात, सुनंदा. गाठ डॉक्टरला दाखवायची. आज." दवाखान्यात त्या आमच्याबरोबर बाकावर बसून राहिल्या. ऑपरेशननंतर सुनंदाचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टीचर तिला हॉलच्या भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या, बोटं मुंगीसारखी वर चालवायला लावायच्या आणि जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं रेघ मारायच्या. रेघा वर वर जात गेल्या. सगळ्यांत वरच्या रेघेच्या दिवशी त्यांनी वर्गाला गूळ-शेंगदाणे वाटले.

त्यानंतर वर्षभरातच टीचर स्वतः आसनं करून दाखवेनाशा झाल्या. तुमचे हात बघायचे असतात मला, असं कारण त्यांनी दिलं. ते पटण्यासारखं होतं.

टीचर गेल्याला महिना झाला, त्या प्रार्थनेला आम्ही सोनईला गेलो. अनितानं टीचरांची खोली दाखवली. खाटेखाली वारुळाच्या मातीचा डबा होता, अर्धा रिकामा. ती माती पोटासाठी नव्हती. डॉक्टरांकडे नेते म्हटलं की मावशी जेवण बंद करायची, असं अनिता म्हणाली. खाटेशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. सुनंदानं त्या लगेच ओळखल्या. बोट लावून तिनं विचारलं, यातली शेवटची कोणती? अनितानं सगळ्यांत खालची दाखवली.

का लपवलं, हे मी विचारलं. अनिता म्हणाली, "मी पण इचारलं, सायेब. मावशी म्हनली, शिकवनारीलाच रोग निघाला तर उद्या चटई घेऊन कोन येईल?"

मी या उत्तराचा बराच विचार केला आहे. त्यात भीती आहे, अभिमान आहे, वर्गाची काळजीही असेल. पण आमच्याविषयीचं त्यांचं मतही त्यात आहे. आम्ही वर्षानुवर्षं आपापली दुखणी त्यांच्यासमोर ठेवली आणि आमचं दुखणं सांभाळणाऱ्या बाईला वाटलं, की तिचं कळल्यावर आम्ही चटया उचलून निघून जाऊ. परतीच्या एसटीत सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. नगर जवळ आल्यावर ती म्हणाली, "मला हाताला धरून नेलं त्यांनी. मी त्यांना नेलं नसतं का?" रडायला तिला अजूनही जमलेलं नाही.

वर्ग सुरू आहे. सगळ्यांनी मिळून तो सुनंदाकडे दिला. नियम तोच ठेवला, त्यात तिनं एक बदल केला. शिकवणारी शेवटी बोलत नाही, सर्वांत आधी बोलते, आणि "काही नाही" हे उत्तर कुणालाच चालत नाही. पहिल्या दिवशी ती टीचरांच्या जागी बसली. टीचरांसारखेच तळवे गुडघ्यांवर ठेवले. मग एक हात छातीवर नेऊन म्हणाली, "टीचरांचा राग आलाय. इथं दुखतं." हवालदारांनी मान खाली घातली. मग ओळ पुढे सरकली... कंबर, गुडघे, झोप. सगळ्यांचं झाल्यावर तिनं वर्गाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतःचा डावा हात बोटाबोटानं वर नेला, सगळ्यांत वरच्या रेघेपर्यंत. तिथं तो बराच वेळ टेकलेला होता.