आधी सुई, मग ताट

आबांनी पिशवीतून इन्सुलिन टोचायची पेनं काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ही घ्या मॅडम. दुसऱ्या कुनाच्या तरी कामी येतील. आमची पोर बरी झाली."

शिक्रापुरात माझा दवाखाना आहे आणि लहान मुलांचा मधुमेह हे माझं रोजचं काम. औषध चुकवणारे पेशंट मी ढिगानं पाहिलेत. औषध परत आणून देणारे आबा पहिलेच. त्यांच्यामागे सून सुनंदा मान खाली घालून उभी होती. शेजारी नात प्रतीक्षा, सातवीतली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

काही महिन्यांपूर्वी या पोरीला केंदूरहून उचलून आणलं होतं. सारखी तहान, सारखी लघवी, अंगावर मांस उरलेलं नाही, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. टाइप वन डायबेटिस. शरीरातलं इन्सुलिन संपत आलं की रक्तात आम्ल साठतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत इन्सुलिन सुरू केलं आणि पोर उठून बसली. पुढे डोस कमी कमी होत गेला. आता अगदी थोड्या इन्सुलिनवर तिची शुगर छान राहत होती. घात झाला तो इथंच. याला आम्ही हनिमून फेज म्हणतो. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण हनिमून संपतो हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

"आबा, सुई बंद केली तर पोर हातची जाईल," मी सरळ सांगितलं.

"रविवारी बिरोबाचं जेवान हाय. पोरीची सुई सुटली की पंगत घालीन, असा नवस बोललोय. भावकीला सांगून झालंय. आता देवापुढं खोटा पडू व्हय?"

मला संताप आला. पण समोर प्रतीक्षा होती. राग गिळला आणि माझं नेहमीचं उदाहरण सुरू केलं. रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या पोलीस. जंतू दिसला की धरायचा, मारायचा. हिच्या बाबतीत त्या पोलिसांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या घरच्याच पेशी मारल्या.

आबा म्हणाले, "पोलीस उगंच मारत्यात व्हय? कायतरी केलं असंल की."

सुनंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "समदे मला त्येच म्हनत्यात, मॅडम. पोरीला गोड चारलं. पोटुशी असताना गिरान पाळलं न्हाई."

शहरातल्या भाषणांत टाळ्या घेणारं माझं उदाहरण इथं त्या बाईलाच आरोपी करून बसलं होतं. पोरीला सुईविना दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं. बिरोबा मेंढपाळांचा देव, ते आठवलं. मी खुर्ची पुढे ओढली.

"आबा, तुमची मेंढरं होती ना?"

"व्हती की. बापाबरुबर लई रानं पालथी घातली. आता वावर हाय, मेंढरं न्हाईत."

"एखादं कुत्रं कधी आपल्याच कळपाला लागलं होतं?"

आबा सावरून बसले. "लागलं व्हतं एक. लई इमानी. लांडग्यावर तुटून पडायचं. एक दिस आपलंच कोकरू फाडलं, आन् मग थांबंचना."

"कोकराची काय चूक होती?"

"कोकरू काय चुकनार?"

"आणि त्याच्या आईची?"

आत आल्यापासून पहिल्यांदाच आबांनी सुनेकडे पाहिलं.

मी पुढे सांगितलं. पोटात स्वादुपिंड असतं. तिथल्या इन्सुलिनच्या पेशी म्हणजे कोकरं, आणि टी-सेल म्हणजे राखणीची कुत्री. त्यांतली काही बिथरली. बरीच कोकरं मेली, थोडी उरली. बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर उरलेल्यांवरचा भार हलका झाला, ती थोडं काम करू लागली. म्हणून शुगर चांगली दिसते. कुत्रं अजून कळपातच आहे.

"मग मारा की त्ये कुत्रं."

"बिथरलेलं कुठलं आणि चांगलं कुठलं, हे नेमकं ओळखता येत नाही. सगळीच मारली तर लांडग्याला कोण अडवणार? कुत्र्याला आवरायच्या औषधांवर काम चाललंय. पण हिची सुई सोडवेल असं औषध आज माझ्याकडे नाही."

आबांनी पेनं पुन्हा पिशवीत टाकली. "आन् नवस?"

"तो तुमचा आणि देवाचा मामला. सुई माझा."

सुनेला आणि नातीला घेऊन ते निघून गेले. माझा काही भरवसा बसेना. रविवारी दवाखाना बंद ठेवला, पर्समध्ये एक जादा पेन टाकलं आणि आमंत्रण नसताना केंदूर गाठलं.

देवळापुढं पंगत बसली होती, ताटं वाढून झाली होती. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "सुटली न्हवं सुई? मग करा सुरू." माझा हात पर्समध्ये गेला.

आबा उभे राहिले. "न्हाई सुटली. सुटनार बी न्हाई. पोर जित्ती हाय, म्हनून ह्ये जेवान." मग नातीकडे वळले. "आधी सुई, मग ताट."

सुनंदानं पेन दिलं. प्रतीक्षानं सगळ्यांदेखत पोटावर सुई घेतली. तोवर अख्खी भावकी हात आवरून बसली होती. मागे बायकांत कुजबूज झाली तेव्हा आबा तिकडे न बघताच म्हणाले, "सुनंची कायबी चूक न्हाई. कुत्रं आपलंच व्हतं." मी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

काही महिन्यांनी हनिमून संपला. शुगर चढू लागली. आबांचा फोन आला.

"मॅडम, शेवटचं कोकरू बी गेलं वाटतं. आता सुई किती वाढवायची, त्येवढं सांगा."

मी डोस सांगितला. त्यांनी तो मोठ्यानं सुनंदाला सांगितला आणि फोन ठेवला.

टी-सेल समजावताना मी आता पोलिसांना मध्ये आणत नाही. आधी विचारते, तुमच्याकडे काय पाळलेलं होतं?