साडेचारचा भोंगा

परवा माळा आवरताना कुत्र्याचा जुना पट्टा सापडला आणि त्या खारटलेल्या चामड्याचा वास आला. माझ्या लहानपणी अंबरनाथला बाबांच्या कारखान्याचा भोंगा साडेचारला वाजायचा. तो वाजला की आई चहाचं आधण ठेवायची आणि आमचा कुत्रा फाटकाशी जाऊन बाबांना घेऊन यायचा. मी सातवीत असताना मे महिन्यात आम्ही अलिबागकडे कंपनीच्या कॉटेजवर राहायला गेलो. दोन दिवस मजेत गेले. कुत्रा लाटांवर भुंकायचा, बाबा व्हरांड्यात आरामखुर्चीत लोळायचे. तिसऱ्या दिवशी भोंगा नसतानाही बरोबर साडेचारला कुत्रा उठला आणि किनाऱ्याकडे सुटला. ओहोटी होती, वाळूवर चिटपाखरू नव्हतं. पाण्याशी जाऊन तो कुणाच्या तरी भोवती उड्या मारू लागला, मग शेपूट हलवत, मध्येमध्ये वर बघत, जणू कुणा माणसाच्या बरोबरीने चालत सावकाश परत आला. आतून आईने सवयीने विचारलं, "आले का गं बाबा? चहा टाकू?" मी म्हणाले, "बाबा इथेच आहेत की." पायरीशी येताच कुत्र्याला खुर्चीतले बाबा दिसले आणि तो दात विचकून त्यांच्यावर गुरगुरला. "अरे, मीच आहे," बाबा हसून म्हणाले. घरी आल्यावर भोंगा रोज वाजला, पण कुत्रा परत कधी फाटकाशी गेला नाही. आता कारखाना बंद आहे, कुत्राही नाही. बाबा ऐंशीचे झाले, अजून तसेच प्रेमळ आहेत. मी पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आपल्याकडे कुत्रा कधी होता गं?" वय झालंय त्यांचं, असं स्वतःला सांगत मी चहाचं आधण ठेवलं.