रेगेन्सबर्गमध्ये कमी पडलेली दोन क्रेडिट्स

सप्टेंबरच्या अखेरीस, जपानमधल्या माझ्या विद्यापीठाचं शेवटचं सत्र सुरू होण्याआधी, मी दहा दिवसांसाठी जर्मनीत रेगेन्सबर्गला गेले. पाचव्या दिवशी परत निघाले.

म्युनिकहून सुटलेली गाडी वाटेत शेतात थांबली. "सिग्नल," शेजारचे आजोबा म्हणाले आणि ब्रेत्सेल (खारा पाव) खाऊ लागले. जपानमध्ये एवढ्या उशिराबद्दल माफी मागतात. इथे कुणी मानही वर केली नाही.

स्टेशनवर मुक्ता आली होती. पुण्यात आम्ही इंजिनिअरिंगला एका बाकावर होतो. मास्टर्सला ती इकडे आली, वर्षभराने मी जपानला गेले. माझ्याकडे दर आठवड्याला प्रयोगशाळेचं चर्चासत्र असतं, हजेरी मोजतात. मुक्ता वर्गात क्वचितच जाते. परीक्षा पास झाली की क्रेडिट्स मिळतात. तयारी नसेल तर मुदतीत नाव काढून घेता येतं. अभ्यासक्रम चार सत्रांचा, तिचं हे पाचवं संपत होतं. कुणी काही विचारत नाही. हे सगळं ती डॅन्यूबच्या काठावर, पाण्यात पाय सोडून सांगत होती. मला तिचं हे सुख बघवत नव्हतं.

मेन्झात (विद्यापीठाच्या भोजनगृहात) बटाट्याचं सॅलड खाताना मी म्हणाले, "माझी तीस क्रेडिट्स झाली. आता फक्त प्रबंध. मार्चमध्ये पदवी, एप्रिलपासून नोकरी."

"त्यात जर्मन भाषेची दोन धरलीस?"

"हो. तुझी नाही धरली?"

"माझी ऐच्छिकमध्ये बसली गं. तुझा वर्ग बॅचलर्सच्या मुलांबरोबर होता ना? तो चालतो तुमच्याकडे?"

जर्मन मी तिचे इथले फोटो पाहूनच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला फोन केला. ते म्हणाले, तो विषय गुणपत्रिकेत दिसेल, पण मास्टर्ससाठी धरणार नाही. रिशू तोरोकु (विषयांची नोंदणी) सुरू होती. एक विषय घेता येणार होता, पण हजेरी पहिल्या तासापासून, आणि तो तास माझ्या परतीच्या तारखेआधी होता.

"एक सत्र वाढव की," मुक्ता म्हणाली. "काही होत नाही."

"तुमच्याकडे नाही होत. माझी नोकरी जाईल."

"जा, जा. म्हणून मी जपानला नाही गेले."

मी तिच्याच टेबलावर बसून नोंदणी केली आणि परतीचं तिकीट बदलून आधीच्या विमानाचं घेतलं.

निघाले त्या सकाळी मुक्ताचा पेपर होता. तिने आधीच नाव काढून घेतलं होतं. ती स्टेशनवर आली नाही. झोपली होती.