वरची वीतभर

चारठाण्याजवळच्या आमच्या गावात बायनाबाईंसारखी माती ओळखणारं माणूस नव्हतं. ढेकूळ उचलायच्या, चुरायच्या, वास घ्यायच्या, की सांगायच्या, रान पेरणीला आलंय का ते. शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. मला बघितलं की मात्र पदर सावरून "गुर्जी" म्हणायच्या. मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं फळ्यावर एकच चित्र काढलं: वर कुजल्या पाल्याचा काळा थर, खाली तपकिरी, त्याखाली खडक.

त्यांच्या अडीच एकराला उतार होता. जेसीबी लावून सपाट करू, असा लेकाचा, भागवतचा, हट्ट. त्या मला विचारायला आल्या.

"वरली माती खाली गेली तर वरलं रान उघडं पडंल न्हवं, गुर्जी?"

मी हसलो. हो, हसलो! "काळी म्हणजे कस, बायनाबाई. विहिरीत डोकावून बघा, पुरुषभर काळीच आहे. वरची हातभर गेली तर काय बिघडतं?"

जेसीबी फिरला, वरची माती खाली गेली. त्या पावसाळ्यात खालच्या अंगाचं सोयाबीन कमरेला लागलं. वरचं वीतभर वाढून पिवळं पडलं. पुढच्या सालीही तेच.

मग मी गुपचूप माती परभणीला तपासायला नेली. तिथल्या प्रयोगशाळेत मैथिली नावाची मुलगी होती. तिला मी माझं फळ्यावरचं चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "सर, तुमचं चित्र थंड मुलखातलं. तिथं पाला सावकाश कुजतो, साठतो, काळा थर जाड होतो. आपल्या उन्हात तो टिकत नाही. कस असतो तो वरच्या वीत-दोन वितीत. खालचा काळा रंग नुसता चिकणमातीचा."

लाज वाटली. चार महिने मी त्यांची गल्ली टाळली. शेवटी रानात गेलो. त्या वरच्या अंगाला शेणखताची पाटी रिकामी करत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

"मला ठाव होतं, गुर्जी. जेसीबीनं उकरलेल्या खालच्या ढेकळाला वासच न्हवता."

"मग जेसीबी थांबवला का नाही?"

"तुमी शिकलेलं माणूस. म्हनलं, माझाच हात चुकत आसंल."

मी एक ढेकूळ उचलून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "आता तुम्हीच सांगा, कशी आहे?"

त्यांनी ढेकूळ चुरलं, वास घेतला. आणि सांगण्याआधी माझ्या तोंडाकडं बघितलं.