मधली दोनशे बारा पावलं

घणवस्ती नावाचं गावच नाही, हे आम्हाला सातवीत कळलं.

कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाचा तास होता. ॲटलसमध्ये आपलं गाव दाखवायचं होतं. मी पुण्यावर बोट ठेवून मोकळी झाले.

शेजारी बोर्डिंगमधली सुमन. तिने दोन गावांच्या मधे पेन्सिलीने टिंब काढलं.

सिस्टर म्हणाल्या, “नो सच प्लेस, चाइल्ड.”

“मग सिस्टर, मी सुट्टीत कुठे जाते?”

तिला शून्य मिळालं. मी हसले होते. ते हसू आज टोचतंय.

सुमन गुरुवारी गेली.

ही पोस्ट वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला घणवस्ती माहीत नसणार. शहराच्या कडेला, जुन्या दगडखाणीखाली. पुण्याच्या रस्त्यांसाठी घणाने दगड फोडायला आलेली माणसं तिथेच राहिली. वरचं गाव म्हणायचं, तुम्ही खालच्यांचे. खालचं म्हणायचं, वरच्यांचे.

दोन्हीकडून डांबरी रस्ता आला आणि आपापल्या हद्दीवर थांबला. मधे वस्ती. सुमनने मोजलं होतं, दोनशे बारा पावलं.

ती तिथेच बालवाडी चालवत राहिली. पोरांना तो ॲटलस दाखवायची, टिंबासकट. दर दिवाळीला दोन्ही टोकांच्या दगडांना चुना लावायची. म्हणायची, “अगं, आपण कुठे सुरू होतो ते पोरांना दिसायला हवं.”

गुरुवारी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली आणि डांबर संपलं तिथे थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, “पुढं चिखल हाय, गाडी रुतंल. पेशंटला हितं आणा.”

भाच्याने तिला खुर्चीत बसवून नेलं. गाडीपाशी पोचेपर्यंत ती राहिली नव्हती.

अख्ख्या शहराला खडी दिलेल्या वस्तीला दोनशे बारा पावलांपुरती खडी मिळाली नाही.

शनिवारी मात्र दोन्ही टोकांना फ्लेक्स लागले. वर ‘आमच्या गावची सुकन्या’. खालीही तेच. हात जोडलेले नेते तिच्याहून मोठे.

अहो, आपण गुरुवारपर्यंत कुठे होतात?

फोटो माझ्याच प्रोफाइलवरून उचललाय, आमच्या रियुनियनचा. मला कापून टाकलंय. तिच्या खांद्यावर जो हात उरलाय, तो माझा.

विजय, तू तिचा भाचा, म्हणून तुला सांगते. ॲटलस बालवाडीत ठेव. चुन्याची बादली आणि ब्रश तुझ्याकडे, दिवाळीला लागतील.

दोन्ही फ्लेक्स उतरव. सुमनचा चेहरा आणि तो हात, एवढा तुकडा मला दे. बाकीचं चिखलावर अंथर. दहाव्याला माणसं येतील, त्यांचे पाय भरायला नकोत.

सुमन, मीही येते. निरोप तिथेच.