पेनिअमिनाचा खांब

"येशूच्या मागे जायचं तर आधी खांब सोडावा लागतो," असं पेनिअमिना एकदा सांजप्रार्थनेनंतर म्हणाला, आणि तेमुकिसाच्या हातातलं भाजलेलं केळं हातातच राहिलं. नवऱ्याने कपाटातलं आणखी एक पुस्तक संपवलं, हे तिला कळलं.

दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या वाईतोआ गावात पेनिअमिना अळूचा मळा करायचा आणि देवळातलं पुस्तकांचं कपाट सांभाळायचा. येशू कोण होता, त्याच्या मरणाचा आपल्याशी काय संबंध, त्याच्या मागे चालायचं म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, अशी ती पुस्तकं. बोटीने यायची. गावातले लोक ती घरी न्यायचे, उशाला ठेवायचे, आणि झोप छान लागली असं सांगून परत आणून द्यायचे. पेनिअमिना ती वाचायचा. वाचून थांबला असता तर तेमुकिसाची काही तक्रार नव्हती.

क्षमेवरचं पुस्तक आलं तेव्हा त्याचा चुलतभाऊ सेकारिया याचं डुक्कर मळ्यात घुसत असे. पेनिअमिनाने डुकराला क्षमा केली. डुकराला क्षमा कळली नाही, पण वाट कळली, आणि पुढच्या खेपेस ते कुटुंब घेऊन आलं. मग दानावरचं पुस्तक आलं. पेनिअमिनाने रविवारचा कोट म्हाताऱ्या इओपुला देऊन टाकला आणि स्वतः मेहुण्याचा कोट घालून देवळात गेला. बाह्या कोपरापाशी संपत होत्या. प्रार्थनेला त्याने हात वर केले तेव्हा गायकांचा सूर हलला.

तेमुकिसा पाळकांकडे गेली. म्हणाली, "एलिसाया पाळक, त्याला एखादं जाडजूड पुस्तक द्या. लवकर संपणार नाही असं."

"दिलं होतं," पाळक खिन्नपणे म्हणाले. "त्यातूनच तो कोट निघाला."

पण डुक्कर आणि कोट निराळे, खांब निराळा. गावसभेच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब आहेत, आणि प्रत्येक घरप्रमुखाचा खांब ठरलेला आहे. पेनिअमिनाच्या खांबावर माणसाच्या पाठीएवढा काळा डाग होता. त्याच्या आज्याच्या पाठीचं खोबरेल, मग बापाचं, मग त्याचं. माणसं मातीत जातात आणि लाकडावर त्यांचा एवढाच ओलावा मागे राहतो, असं तेमुकिसाला तो डाग बघून वाटायचं. गावाचा नियम साधा होता. ज्याने ज्या खांबाला टेकून सभेतल्या आव्याची, त्या मुळ्या कुटून केलेल्या कडवट पेयाची, वाटी प्यायली, त्याचा तो खांब, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाचा. सेकारियाला खांब नव्हता. तो दोन खांबांच्या मधल्या पोकळीत, पाठीला आधार नसताना बसायचा, आणि जेवणाऱ्याच्या हाताकडे कुत्रं बघतं तसा पेनिअमिनाच्या खांबाकडे बघायचा.

"कुठला खांब?" त्या सांजेला तेमुकिसाने उगाच विचारलं.

"आपला. जेवायला बोलावलं तर शेवटच्या जागी बस, असं येशूने सांगितलंय."

"जेवणाचं सांगितलंय. सभेचं कुठे काय म्हटलंय?"

"सभेतही शेवटी जेवण असतंच."

"आणि फिलिपो? पोरगा ऑकलंडहून परत येईल तेव्हा कशाला टेकून बसेल? तुझ्या पुस्तकाला?"

"येशूला खांब नव्हता, तेमू."

"येशूला सेकारिया नावाचा चुलतभाऊही नव्हता."

पेनिअमिनाने पुस्तक मिटलं, पण बोट आतच ठेवलं. तेमुकिसाला तो दृष्टांत लहानपणापासून पाठ होता. शेवटच्या जागी बसलेल्याकडे घराचा धनी येतो आणि म्हणतो, मित्रा, वर ये. सगळ्यांदेखत म्हणतो. नवऱ्याचं बोट नेमकं त्याच ओळीवर असणार, असं तिला वाटलं, आणि तिला जरा धीर आला. म्हणजे अगदीच वेडा झालेला नाही.

सोमवारी सभा भरली. तेमुकिसा शेजारच्या चुलीघरात बायकांबरोबर नारळ खवत बसली होती. तिथून सगळं दिसायचं. पेनिअमिना आला, आपल्या खांबावरून पुढे गेला, आणि पायरीजवळ, आवा कालवणाऱ्या तरुणांच्या शेजारी जाऊन बसला.

पुढे जे झालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हातारा इओपु मानाने पेनिअमिनाच्या खालचा. पेनिअमिनाच्या वर बसायचं कसं? तो मुकाट्याने उठून पायरीवर जाऊन बसला, अंगात तोच कोट. इओपुच्या खालचे होते ते गवतावर गेले. पाळक बघताहेत म्हटल्यावर वरच्या मानाच्या माणसांनाही आपापले खांब टोचायला लागले, आणि एकेक जण घसा खाकरत बाहेर पडला. शेवटच्या जागेवरचं प्रवचन खुद्द पाळकांनीच दिलेलं. तेही जाऊन सगळ्यांच्या पलीकडे उन्हात बसले. तिथे आधीच बसलेल्या एकाशी त्यांची थोडी सरकासरकी झाली.

गावप्रमुख ताउआलो फार म्हातारे. त्यांनी डोळे उघडले तर घर रिकामं.

"भूकंप झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सेकारिया म्हणाला. तो एकटाच जागचा हलला नव्हता. "लोक नम्र झालेत."

"सगळे?"

"मी सोडून. मला कमरेमुळे झेपत नाही." असं म्हणून तो उठला आणि सरळ पेनिअमिनाच्या खांबाला टेकून बसला.

चुलीघरातली खवण्यांची खरखर थांबली. आवा तयार होता. पहिली वाटी ताउआलोंनी घेतली. दुसरी वाटी घेऊन निघालेला तरुण मधेच घोटाळला, कारण द्यायची तर आत एकच माणूस होता. त्याने ती सेकारियाला दिली.

तेमुकिसा नवऱ्याकडे बघत होती. त्याची मान ताउआलोंकडे ताणलेली होती. यजमानाने विचारावं म्हणून थांबलेल्या भुकेल्या पाहुण्याची असते तशी. उन्हातून पाळक खोकले. पुन्हा खोकले. सेकारियाने वाटी ओठांशी नेली.

"हां," ताउआलो म्हणाले, "पेनिअमिना, मित्रा, वर ये. आपल्या जागी बैस. हे सगळे उन्हात वाळले तर त्यांच्या बायकांना तोंड मला द्यावं लागेल."

तेमुकिसाने श्वास सोडला. फिलिपोचा खांब राहिला. सेकारियाने न पिता वाटी खाली घेतली आणि तो उठू लागला. घाईत नाही, उठवून लावल्याची सवय असलेला माणूस उठतो तसा, एक हात कमरेवर ठेवून.

पेनिअमिना आत आला. खांबापाशी उभा राहिला. त्याचे कान लाल झालेले तिला लांबूनही दिसले.

"म्हणजे मी याचीच वाट बघत होतो," तो म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण भिंती नव्हत्या, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग बस ना," सेकारिया म्हणाला. "उठतोय मी. कमरेला वेळ लागतो जरा."

पेनिअमिनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. तेवढ्याने भागलं नाही. त्याने त्याला हलकेच मागे रेटलं, पाठ त्या काळ्या डागावर नीट टेकेपर्यंत. मग वाटीला खालून बोट लावून ती त्याच्या ओठांकडे सारली. सेकारियाने एकदा ताउआलोंकडे पाहिलं, एकदा पेनिअमिनाकडे, आणि डोळे मिटून वाटी पिऊन टाकली. मोकळी वाटी हातात धरून तो तसाच बसला, पाठ ताठ, लाकडावर पूर्ण भार टाकायला अजून घाबरत.

तेमुकिसाकडे दिवसभर पुरेल इतकं बोलणं तयार होतं. त्यातलं पहिलं वाक्य फिलिपोवरून सुरू व्हायचं होतं. ती उठून चुलीघराच्या कडेपर्यंत आलीही, हातात नारळाची अर्धी कवड; पण सेकारियाची पाठ सावकाश, अगदी सावकाश खांबावर सैल पडताना तिने पाहिली, आणि ते वाक्य कुठे ठेवलं ते तिला सापडेना.

पेनिअमिना पायरी उतरला. इओपुने पाय आवरून त्याला वाट दिली. पलीकडे पाळकांनी सरकून आपल्याही खालची जागा मोकळी केली, गवत हाताने सारखं केलं. तिकडे तो वळलाच नाही. बायकोसमोरून, तिच्या हातातल्या कवडीसमोरून तो मळ्याच्या वाटेने निघून गेला.