हलत नाही म्हणजे झोपला

मी मोठ्या दवाखान्यात आया होते. पू, रक्त, हगणं-मुतणं सगळं या हातांनी उपसलं, त्याची कधी घाण वाटली नाही. किळस आली ती एका डॉक्टरच्या फुशारकीची.

ऐंशीच्या पुढची गोष्ट असेल. श्वास देणारी मशीन आमच्या वॉर्डात नवीनच आली होती, दोनच. दोन्हींवर फुफ्फुसं निकामी झालेले पेशंट, घशात नळी. एका खाटेवर मोठ्या डॉक्टरांचा पेशंट, एक म्हातारा. त्याला झोपेचं इंजेक्शन होतं, तरी मधूनच खोकायचा, हात ओढायचा. दुसऱ्या खाटेवर रामटेककडचे एक मास्तर, धाकट्या डॉक्टरचे पेशंट. त्यांना नुसतं अंग लुळं पाडायचं इंजेक्शन. बोट हलेना की पापणी. पापणी मिटत नाही म्हणून डोळ्यांवर ओल्या गॉजची घडी मीच ठेवायची.

धाकटा डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायचा. "पाहा, कोणाचा पेशंट शांत आहे? सरांचा म्हातारा तर मशीनशी कुस्ती खेळून राहिला!" सगळे खी खी करत. मग मास्तरांच्या उशाशीच उभा राहून म्हणे, "हा काही वाचत नाही."

तिसऱ्या दिवशी तो हे बोलला आणि उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावरची नाडी धावत सुटली. मी गॉज उचललं. बाई गं! दोन्ही डोळ्यांतून धारा, कानापर्यंत. मी वाकून म्हटलं, "मास्तर, ऐकू येते काय जी?" नाडी आणखी पळाली.

माणूस जागा होता हो! जिवंत गाडल्यासारखा.

धाकटा म्हणाला, "डोळे कोरडे पडतात, म्हणून पाणी येते."

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. मी सांगूनच टाकलं. धाकटा माझ्यावर खेकसला, "तुले कोणं सांगतलं वं मधात बोलायले?"

"तुम्ही बोला, मावशी," मोठे म्हणाले. मग त्यांनीच मास्तरांच्या कानाशी दोन शब्द बोलून पडद्याकडे पाहिलं. चेहरा उतरला त्यांचा. लगेच झोपेचं इंजेक्शन दिलं, जे धाकट्यानं दिलंच नव्हतं. हळूहळू नाडी उतरली, डोळ्यांचं पाणी थांबलं.

आणि धाकट्याला लाज? छे! खिशातून कंगवा काढून भांग पाडत उभा. मी त्याच्याकडे पाठ फिरवून बाहेर आले.

बाहेर मास्तरांची बायको बाकावर बसलेली. दारातून मी दिसले की रोज विचारायची, तशीच उठली. "बाई, झोपले काय वं ते?"

"हो, आता झोपले," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "आता? मंग काल तू काहून झोपले म्हणलीस?"

काल मीही त्यांना न हलताना पाहिलं होतं आणि तेवढ्यावरच हो म्हणून मोकळी झाले होते. त्या डॉक्टरची किळस बाजूलाच राहिली. मी खाली मान घालून तिच्याजवळ बाकावर बसले.